तीस रुपये चाळीस पैशांचा प्रश्न

गेल्या मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथासाठी म्हसवडला गेलो होतो. गुलालाने रंगलेले कपडे अंगावर तसेच ठेवून दुपारी घरच्या ओट्यावर टेकलो, तोच शेजाऱ्यांची नात येऊन समोर बसली. दहिवडीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, मग पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली ही मुलगी गेली तीन वर्षे हिंजवडीच्या बाजूला एका कंपनीत नोकरी करते. पतसंस्थांना लागणारे सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते आणि ते कसे वापरायचे याच्या पुस्तिका ही मुलगी लिहिते. या नोकरीला तिकडे ‘टेक्निकल रायटर’ म्हणतात.

‘‘तात्या, तुम्ही बँकेत होता आणि कादंबऱ्याही लिहिल्या. म्हणून तुम्हालाच विचारते,’’ ती म्हणाली. ‘‘कंपनीने नवा नियम काढलाय. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी तीन महिन्यांत प्रोग्रॅमिंगची परीक्षा द्यायची. नापास झाला की बाहेर. आमच्या सीनिअर मॅडम म्हणतात, आपलं काम भाषेचं, कोड कशाला शिकायचा? आणि इंजिनिअर म्हणतात, भाषेचं काम तर आता एआय करतं, मग तुम्ही हव्यात कशाला? मला सांगा, नक्की किती यायला पाहिजे?’’

प्रश्न एका मुलीच्या नोकरीचा होता, पण तेवढाच नव्हता. सातबाऱ्यापासून पेन्शनपर्यंत सरकारशी, बँकेशी, सोसायटीशी असलेला आपला सगळा व्यवहार आज कुठल्या ना कुठल्या पडद्यावर येऊन बसला आहे. त्या पडद्यावर काय दाबायचे, काय दाबायचे नाही आणि चुकले तर कुठे जायचे हे सांगणारी चार वाक्ये कोणीतरी, कुठेतरी बसून लिहिलेली असतात. ती लिहिणाऱ्याला त्या यंत्रातले किती कळत होते यावर पलीकडच्या माणसाचे पैसे, अनुदान आणि कधी कधी अब्रूही अवलंबून असते. मला हे ठाऊक आहे, कारण अशी चार वाक्ये मी स्वतः लिहिली आहेत आणि ती चुकलेली आहेत.

मी बँकेत लागलो तेव्हा ऐंशीचे दशक सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती. लेजरचे ते जाडजूड ग्रंथ, लाल शाई, रात्री नऊपर्यंत न जुळणारा ताळा हे सारे मी भोगले आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा १९८४ चा अहवाल आला आणि बँकांतून यंत्रे यायला लागली. आधी लेजर पोस्टिंगची यंत्रे, मग संगणक, मग सगळ्या शाखा एका तारेवर जोडणारी कोअर बँकिंगची व्यवस्था. याच काळात, २०००-०१ साली, सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेली. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली आणि तिची नोंद कुठल्याच ताळेबंदात झाली नाही. नव्या पोराला खांद्यावर हात ठेवून ‘अरे, हे असं नसतं करायचं’ असे सांगणारा म्हातारा हेडकॅशिअर गेला. त्याच्या जागी पुस्तिका आली.

१ एप्रिल २००२ पासून कर्जावरील व्याज दर महिन्याला आकारावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. महिन्याला आकारायचे म्हणजे महिन्याचे व्याज मुद्दलात मिळवायचे आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लावायचे. शेतीकर्जाला मात्र यातून वगळले होते. त्यामागचे कारण साधे आहे. पगारदाराला दर महिन्याला पैसे मिळतात, शेतकऱ्याला सुगीला मिळतात. ज्याच्या हाती सहा महिने पैसाच यायचा नाही, त्याच्या व्याजावर दर महिन्याला व्याज चढवणे हा अन्याय आहे. १९९४ साली डी. एस. गौडा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही शेतीकर्जावर तिमाही चक्रवाढ लावणाऱ्या बँकेची बाजू मान्य केली नव्हती.

त्या सुमारास आमच्या बँकेत नवी संगणक प्रणाली बसत होती. शाखांसाठी मराठीतून सूचनांची पुस्तिका काढायचे ठरले. माझ्या दोन कादंबऱ्या तोवर प्रसिद्ध झाल्या होत्या. ‘साहित्यिक आहेत, तेच लिहितील,’ असे म्हणून साहेबांनी काम माझ्या गळ्यात घातले. मी खुशीत होतो. इंजिनिअरांनी इंग्रजीत दिलेल्या टाचणांवरून मी सुरेख, निर्दोष मराठीत चाळीस पानांची पुस्तिका लिहून काढली. तिच्यात एक वाक्य होते, ‘व्याज आकारणीची वारंवारता सर्व कर्ज योजनांसाठी मासिक अशी निवडावी.’ शेतीकर्जाचा अपवाद मला ठाऊक नव्हता असे नाही. परिपत्रक मी वाचले होते. लिहिता लिहिता क्षणभर शंकाही आली. पण मनाशी म्हटले, यंत्राला कळत असेलच, शेतीकर्ज वेगळे काढायची सोय त्यांनी आत केलीच असणार. इंजिनिअरला विचारले, तर तो म्हणाला, ‘‘सिस्टीम योजनेच्या कोडवरून ओळखते.’’ माझे समाधान झाले. पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

पुढचा प्रश्न असा होता की जुन्या लेजरांतली खाती संगणकात भरताना पीककर्जाची खाती कुठल्या कोडाखाली भरली? आमच्या भागातल्या एका शाखेत घाईघाईने ती साध्या मुदत कर्जाच्या कोडाखाली भरली गेली होती. इंजिनिअरला पीककर्ज म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, मला कोड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते आणि आम्हा दोघांच्या मधल्या फटीतून शेतकरी खाली पडला.

ही चूक ना ऑडिटरने पकडली, ना संगणकाने. ती पकडली म्हसवडजवळच्या एका वस्तीवरच्या धनगर आजीने. आषाढात २०,००० रुपये उचलले होते, व्याज १२ टक्के. सहा महिन्यांनी बकरी विकून ती कर्ज फेडायला आली. क्लार्कने पडद्यावरचा आकडा सांगितला. आजी काउंटरवरून हलेना. शेवटी तिला माझ्यापुढे आणून बसवले. ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत म्हणाली, ‘‘आवो सायेब, शंभराला म्हैन्याला रुपाया. ईस हजाराला दोनशे. सा म्हैन्याचं झालं बाराशे. ह्ये वरचं तीस रुपये चाळीस पैसं कुठलं काढलं तुमी?’’

मी कॅल्क्युलेटर घेतला. दर महिन्याला चक्रवाढ धरून सहा महिन्यांचे व्याज १,२३०.४० होत होते. ते तीस रुपये चाळीस पैसे माझ्या त्या सुरेख वाक्यातून आले होते.

रक्कम क्षुल्लक म्हणाल, तर आहेच. शाखेतली सगळी पीककर्जाची खाती एकेक करून उघडायची, जादा व्याज उलटवायचे, कोड बदलायचे या कामात आठ दिवस गेले. पण ज्यांनी आजीसारखे पेरांवर मोजले नव्हते आणि आकडा ऐकून मुकाट्याने पैसे भरले होते, त्यांच्या दारी जाऊन ‘चूक आमची झाली’ हे सांगताना मान वर करवत नव्हती. एका म्हाताऱ्याने पैसे परत घेताना विचारले, ‘‘म्हंजी आदुगरबी असंच हुतं का काय?’’ या प्रश्नाला कुठली रसीद द्यायची?

आजीच्या तोंडी हिशेबाचे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, माणदेशातल्या माणसाला वाटणार नाही. याच म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या संस्थापक चेतना गाला-सिन्हा यांनी अनेक व्यासपीठांवर सांगितलेली हकीकत आहे. पहिल्यांदा परवान्याचा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका होत्या. कागदावर सह्यांऐवजी अंगठे होते. त्या बायकांनी रात्रीचे वर्ग करून लिहायला-वाचायला शिकून घेतले आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्यावर सांगितले की कुठल्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांना व्यवहार कळत असतो, कळत नसतो तो आपला कागद. पुस्तिका लिहिणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लिहिणाऱ्याला तंत्र किती यावे? याबाबत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, जितके कमी तितके बरे. अडाणी वाचकाचे प्रश्न अडाण्यालाच पडतात. या म्हणण्यात तथ्य आहे. फार जाणणारा माणूस पायऱ्या गाळतो. पोहणाऱ्याला विचारा, पाण्यात पडल्यावर प्रथम काय करायचे? तो म्हणेल, ‘‘काही नाही, हातपाय मारायचे.’’ ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल यांनी लोक पुस्तिका कशी वापरतात ते शेजारी बसून पाहिले. लोक ती क्रमाने वाचतच नाहीत, थेट यंत्राला हात घालतात, चुकतात आणि मग चुकीतून बाहेर यायची वाट पुस्तकात शोधतात, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी पुस्तिका कापून काढल्या, छोट्या केल्या आणि चूक निस्तरण्याला त्यांत मानाची जागा दिली.

पण नीट पाहिले तर हाच दाखला दुसऱ्या पक्षाकडे जातो. चुकीतून बाहेर यायची वाट कोण सांगू शकेल? ज्याला यंत्र आत कुठे आणि का अडते ते ठाऊक आहे तोच. सरळ रस्ता कोणीही सांगेल, पडद्यावरची बटणे वाचता आली की झाले. १९७१ च्या नोव्हेंबरात बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका काढली. तिच्यात आज्ञांच्या माहितीखाली एक मथळा असे, ‘बग्ज’, म्हणजे यातले दोष. आमची ही आज्ञा इथे नीट चालत नाही, तिथे फसते, असे ज्यांनी ती बनवली तेच लिहून देत होते. पन्नास वर्षे उलटली, पण इतका प्रामाणिक मथळा आपल्याकडच्या एखाद्या सरकारी ॲपच्या मदतीच्या पानावर मी अजून पाहिलेला नाही.

आणि हा प्रामाणिकपणा नसला की काय होते, ते इंग्लंडच्या टपाल खात्यात दिसले. १९९९ पासून तिथल्या पोस्टांत ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली. तिच्या दोषांमुळे काउंटरवर नसलेली तूट दिसू लागली. छोटी पोस्टे चालवणाऱ्या माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले झाले. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घरदार विकून ती खोटी तूट भरून दिली. २०२४ साली खास कायदा करून त्यांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यातली अंगावर काटा आणणारी गोष्ट अशी की प्रणालीच्या ज्ञात दोषांची नोंदवही इंजिनिअरांकडे होती. काउंटरवरच्या माणसापर्यंत मात्र ती पोचत नव्हती. त्याने फोन केला की त्याला सांगितले जाई, ही अडचण फक्त तुमचीच आहे. मी बँकेत कॅशला बसलेला माणूस आहे. संध्याकाळी कॅश कमी भरली की पोटात जो खड्डा पडतो, तो मला माहीत आहे. त्या खड्ड्यात त्या माणसांनी वर्षानुवर्षे काढली.

आपल्याकडे पाहा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी लावत असे तो पीकपेरा शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर फोटोसह लावायचा. कल्पना उत्तम, आणि नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्त करायची मुभा पुढे दिली हेही शहाणपणाचे. पण त्यातले ‘निर्भेळ पीक’, ‘कायम पड’, ‘चालू पड’, ‘पोटखराबा’ हे शब्द पाहा. ते गाव नमुना बारामधले, महसुली दप्तरातले. तलाठ्याच्या जिभेवर ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाजरीत मटकी आणि मध्ये तुरीचे तास घेणाऱ्या माणदेशी शेतकऱ्याला ‘निर्भेळ’ म्हटल्यावर दूध आठवते. इथे लिहिणाऱ्याला तंत्र येत होते, दप्तरही येत होते. ज्याच्या हातात मोबाइल जाणार त्याचे शिवार तेवढे राहून गेले.

लाडक्या बहिणींची ई-केवायसी तर ताजी गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबरात ती सक्तीची झाली आणि तिच्यात लाभार्थी बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडील यांच्याही आधारची पडताळणी मागितली होती. मग जिचा नवराही नाही आणि बापही नाही तिने पुढे काय दाबायचे? हा प्रश्न राज्यभरातून आला, तेव्हा अशा बहिणींसाठी वेगळी सोय सांगावी लागली आणि मुदतही वाढवावी लागली. विधवा बाई हा काही दुर्मिळ अपवाद नव्हे, ती प्रत्येक गल्लीत आहे. सूचना लिहिणाऱ्या एकाने जरी हा अर्ज आपल्या मावशीचा समजून सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून पाहिला असता, तर तो पहिल्याच दिवशी अडला असता आणि अडल्यावर त्याने वर विचारले असते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. प्रोग्रॅमरने वाचायची पुस्तिका असेल तर लिहिणाऱ्याला कोड यायलाच हवा, तिथे वाद नाही. वैद्यासाठी लिहायचे तर औषध कळायला पाहिजे. पण काउंटरवरच्या क्लार्कसाठी, शेतकऱ्यासाठी, पेन्शनरासाठी लिहायचे असेल तर तीन गोष्टी पुरेत, आणि त्या तिन्ही हव्यात. पहिली, ते काम लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने, ते जिथे होते तिथे बसून, एकदा तरी पुरे केलेले असावे. दुसरी, त्या कामामागचा धंदा आणि कायदा त्याला कळावा. पीककर्ज म्हणजे काय, सुगी कधी येते, व्याज कशावर चढते हे संगणकाचे ज्ञान नव्हे, पण त्यावाचून संगणकाविषयी लिहिता येत नाही. तिसरी, यंत्राचे आतले एवढे कळावे की इंजिनिअरला दुसरा प्रश्न विचारता येईल. पहिला प्रश्न कोणीही विचारतो. ‘सिस्टीम कोडवरून ओळखते’ हे त्याचे उत्तर. ‘पण तो कोड कोणी, कधी, कशावरून भरला आणि चुकीचा असेल तर कळेल कसे?’ हा दुसरा प्रश्न. तो सुचायला माहिती कुठून आत येते, कुठे साठते, कुठली गोष्ट उलटवता येते आणि कुठली येत नाही, एवढे ठाऊक लागते. तो मला सुचला नाही, म्हणून आजीला पेरांवर मोजावे लागले.

राहिली एआयची गोष्ट. यंत्र आता सफाईदार वाक्ये लिहिते, हे मान्य. माझेही वाक्य सफाईदारच होते. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, शुद्धलेखनाची नव्हती. इंजिनिअरांचे तेच टाचण आज यंत्राला दिले तर तेही ‘सर्व कर्ज योजनांसाठी’ असेच लिहील, माझ्यापेक्षा लवकर लिहील आणि त्याला क्षणभराची शंकाही यायची नाही. भाषा स्वस्त झाली म्हणून लिहिणारा नको, असे कंपन्यांना वाटते आहे. मला वाटते, भाषा स्वस्त झाली म्हणूनच जाणून लिहिणारा महाग व्हायला हवा. तो तसा होईल की नाही हे बाजाराच्या हाती आहे आणि बाजाराचा अनुभव काही फारसा बरा नाही.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत मी ते वाक्य बदलले. ‘पीककर्जाच्या खात्यांना ही कृती करू नये. आधी प्रत्येक खात्याचा योजना कोड तपासावा. कोड चुकीचा आढळल्यास इथेच थांबावे आणि विभागीय कार्यालयाला कळवावे.’ मराठी म्हणून ते साधेच आहे. पण छापायला देण्यापूर्वी ते पान मी शाखेतल्या शिपायाला मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यातून त्याला काय कळले ते विचारले. माझ्या एकाही कादंबरीचा खर्डा मी असा कोणाला वाचून दाखवलेला नाही.

हे सारे मी त्या मुलीला ओट्यावर बसून सांगितले. परीक्षा दे, म्हटले, कोड शीक, वाया जाणार नाही. पण पुण्याला परतण्याआधी दोन दिवस इथल्या एखाद्या पतसंस्थेत काउंटरच्या आत बसायची परवानगी काढ. पिग्मीवाला पैसे भरायला येतो ती वेळ बघ.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ती बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भरणा चालू असतानाच लाइट गेली. रक्कम टाइप झाली होती, पावती छापायची राहिली होती. लाइट आल्यावर क्लार्कने तीच रक्कम पुन्हा टाकली. ‘‘तात्या, नोंद आधीच पक्की झाली असेल तर खात्यावर ती दोनदा जमा होणार ना? आणि झाली नसेल तर क्लार्कने केलं तेच बरोबर. दोन्हींतलं काय झालं ते कसं ओळखायचं, याची एक ओळही आमच्या मॅन्युअलमध्ये नाही. मीच लिहिलंय ते मॅन्युअल.’’

मी विचारले, ‘‘मग इंजिनिअरला विचारलंस का?’’

‘‘विचारलं. तो म्हणाला, असं होत नाही. मी म्हटलं, होतं, मी बघितलंय. नोंद पक्की नेमकी कुठल्या क्षणी होते ते मला दाखवा. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, थांब, कोड उघडून बघतो.’’

तिच्या परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे.